यानात मोरी कुठे आहे?

आपल्या पडद्यावरच्या अंतराळयानांत मोरी नसते. स्वयंपाकाची जागा नसते, वाळत घातलेला टॉवेल नसतो, दुरुस्तीसाठी उघडायचं झाकणही नसतं. असतो तो एक लांब पांढरा बोळ, दोन्ही बाजूंना निळ्या एलईडी पट्ट्या आणि टोकाला भिंतभर पडदा. त्यासमोर कप्तान उभा राहून बोलतो. दिवाळी अंकांतल्या बऱ्याच विज्ञानकथांचंही तेच. पृथ्वी सोडून वीस वर्षं झालेली माणसं भेटतात, पण ती झोपतात कुठे आणि त्यांचे कपडे कोण धुतं, याचा लेखकाला पत्ता नसतो. हा निव्वळ आळस आहे आणि त्याला कल्पनाशक्ती म्हणणं आता बंद व्हायला हवं.

मी मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमध्ये राहते. काशीमिरा ते घोडबंदर पट्ट्यात मालिकांचे सेट लागतात, आणि तिथे राबणारे सुतार, रंगारी, कला-सहाय्यक आमच्याच आसपास भाड्याने राहतात. एका बेडरूमच्या घरात पाच माणसं कशी राहतात ते त्यांना शिकवावं लागत नाही. बाथरूमवरचा लॉफ्ट, पलंगाच्या बॉक्समधल्या गाद्या, छताला पुलीवर चढवलेली कपड्यांची दोरी, पाणी सुटण्याच्या वेळेला बांधलेला सगळ्या घराचा दिवस. बंदिस्त जागेत माणसं जगवण्याचं हे ज्ञान अंतराळयान आखणाऱ्याला सोन्याच्या मोलाचं आहे. पण सकाळी सेटवर गेलं की त्यांच्या हातात अमेरिकन सिनेमाच्या चित्रांचे ‘रेफरन्स’ ठेवले जातात आणि प्लायवर चकचकीत एसीपी शीट चढवायला सांगितलं जातं. दोष त्या कारागिरांचा नाही. रेफरन्स वाटणाऱ्यांचा आहे.

हवेपासून सुरुवात करा. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही. झोपलेल्या माणसाचा उच्छ्वास त्याच्या तोंडाभोवतीच साचतो आणि तो स्वतःच सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत ओढतो. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पंखे अहोरात्र चालू असतात, तिथे शांतता नसते. आपल्या यानांत मात्र देवघरासारखी शांतता असते. ज्या यानात पंख्याची घरघर ऐकू येत नाही, त्यातली माणसं मेलेली असायला हवीत.

मग पाणी. त्या स्थानकात लघवी, घाम आणि श्वासातली वाफ यांतून पाणी परत मिळवतात. 2023 मध्ये नासाने हे प्रमाण 98 टक्क्यांपर्यंत गेल्याचं जाहीर केलं. हे एवढं एकच यंत्र नीट दाखवलं तर प्रेक्षक यानावर विश्वास ठेवील. स्टॅन्ले कुब्रिकला ते कळलं होतं. ‘2001: अ स्पेस ओडिसी’ (1968) मध्ये संडासाच्या दारावर वापराच्या लांबलचक सूचना आहेत आणि प्रवासी त्या गंभीरपणे वाचतो. त्याच सिनेमासाठी व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीकडून सुमारे 38 फूट व्यासाचं फिरतं चक्र बांधून घेतलं होतं, कारण फिरण्यातून वजन निर्माण होतं हे डोळ्यांना दिसायला हवं होतं.

वजनाच्या बाबतीत आपले लोक सरळ खोटं बोलतात. इंजिन सतत वेग वाढवत असेल, तर ‘खाली’ म्हणजे इंजिनाची दिशा. मग मजले इंजिनावर एकावर एक चढतात आणि मधून उभा डक्ट जातो. ‘द एक्सपान्स’ या 2015 च्या मालिकेने तेच केलं. इंजिन बंद असेल तर माणसं तरंगणार आणि प्रत्येक भिंतीला धरायच्या दांड्या लागणार. यातलं काहीच न ठरवता आपण विमानासारखं आडवं यान बांधतो आणि त्यातून लोकांना बूट वाजवत चालवतो.

सगळ्यात जास्त राग येतो तो गुळगुळीत भिंतींचा. आमच्या इमारतीत कन्सील्ड पाइप गळला तेव्हा नेमकी कुठली टाइल फोडायची, हे कुणालाच सांगता येईना. गवंडी बोलावला, अर्धी भिंत खाली आली. मंगळाच्या वाटेवर गवंडी मिळत नाही. म्हणून खऱ्या स्थानकातल्या बऱ्याच रॅक खालच्या बाजूने बिजागरीवर बसवलेल्या असतात. त्या पुढे ओढल्या की मागचे पाइप आणि तारा हाताशी येतात. ‘एलियन’ (1979) च्या सेटवर विमानांचं भंगार वापरलं आणि रचनाकार रॉन कॉबने यानातल्या दारांसाठी, धोक्यांसाठी चिन्हांची अख्खी पद्धत आखली. ते यान राबतं वाटतं, कारण ते उघडता येईल असं वाटतं.

यावर उत्तर ठरलेलं असतं, बजेट नाही. 1998 मध्ये दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ ही अंतराळ-मालिका आली तेव्हा ते मी मान्य केलं असतं. आता नाही. आरती कडव यांचा ‘कार्गो’ (2019) हा सिनेमा थोडक्या पैशात झाला. त्यातलं ‘पुष्पक 634 ए’ जुनाट बटणांचं, जुन्या पडद्यांचं, वापरून थकलेलं यान आहे, आणि त्याचा नायक प्रहस्थ त्यात एकटाच वर्षानुवर्षं राहिला हे भिंती पाहूनच पटतं. तिथे पैसा कमी पडला, विचार कमी पडला नाही.

आतली जागा आखणं हे सजावटीचं काम नाही. गलिना बालाशोवा ही वास्तुकार सोव्हिएत यानांचे मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांच्या संस्थेत सोयुझ यानाच्या आतल्या जागा आखत होती. पुढे ‘मिर’ स्थानकात तिने खालचा भाग गडद आणि वरचा फिका ठेवला, कारण दिशा हरवलेल्या माणसाला वर-खाली कळायला हवं. अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकात (1973) जेवणाच्या जागेला खिडकी हवीच, असा आग्रह औद्योगिक रचनाकार रेमंड लोवी यांनी धरला. यातली प्रत्येक गोष्ट माणसाचं डोकं ताळ्यावर राहावं म्हणून केलेली होती.

इस्रोने 2035 पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं ठरवलं आहे. त्याच्या आतल्या जागा आखणारी मुलं आज शाळेत आहेत, आणि त्यांना आपण निळ्या पट्ट्यांचे बोळ दाखवतोय. मराठी विज्ञान परिषदेच्या ज्या कथास्पर्धेत 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली, तिच्या परीक्षकांना, दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि कला-दिग्दर्शकांना माझं सांगणं आहे. यानाची कथा आली की आधी त्याचा आराखडा मागा. हवा कुठून येते, मैला कुठे जातो, बिघडलेला पंप कोण आणि कसा काढतो, हे त्यात दाखवता येत नसेल तर कथा परत पाठवा.