उभ्या गाडीचा ताप

वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये २००३ साली वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली, आणि ज्या प्रवाशाला दापोलीहून गुहागर गाठण्यासाठी चिपळूणचा दूरचा वळसा घ्यावा लागत असे, तो काही मिनिटांत पैलतीरी उतरू लागला. ही सोय मोठी आहे. परंतु मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुटीत जेटीवर रांग लागली, की दापोलीकडचा चढउतार करून आधीच तापलेल्या मोटारसायकली उन्हात, इंजिन चालूच ठेवून, हातहात पुढे सरकत उभ्या राहतात. पुढची गाडी आता हलेल ही आशा आणि सेल्फ पुन्हा लागेल की नाही ही धास्ती, या दोहोंमुळे स्वाराचा हात किल्लीकडे जात नाही. आणि मग पोटरीला चटके बसू लागतात, न्यूट्रल लागेनासे होते, स्लो स्पीड खालीवर होतो, आणि एखादी गाडी ऐन बोटीच्या तोंडाशी बंद पडते. तिचा मालक पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार घेऊन गेला, तर सगळ्याच गाड्या तापतात, तुम्ही ती उभी का ठेवलीत, असे त्याला ऐकावे लागते. माझे म्हणणे एवढेच आहे, की हे उत्तर शास्त्रदृष्ट्या खरे असले तरी व्यवहारदृष्ट्या अपुरे आहे, आणि ते देऊन विक्रेत्याला वा उत्पादकाला आपल्या जबाबदारीतून मुक्त होता येणार नाही.

पेट्रोलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी फार तर चौथा-तिसरा हिस्सा चाकाच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुरावाटे आणि इंजिनाच्या अंगावाटे बाहेर पडावी लागते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरभोवती जी धातूची पाती असतात, ती याच कामासाठी. परंतु त्यांच्यावरून वारा वाहिला तरच त्यांचा उपयोग, आणि हा वारा गाडीच्या वेगातूनच मिळतो. गाडी थांबली की वारा थांबतो, ज्वलन मात्र थांबत नाही. त्यातच इंजिन मंद फिरत असल्याने तेलाचा पंपही मंद चालतो, तापलेले तेल पातळ होते, आणि धातूवर धातू घासू न देणारा त्याचा पापुद्रा नेमका गरजेच्या वेळी दुबळा पडतो. गार इंजिन थोडा वेळ चालू ठेवल्याने फारसे बिघडत नाही. घाट उतरून आलेले इंजिन रांगेत दीर्घकाळ धडधडत ठेवणे, हा खरा घातक प्रकार होय, आणि त्याचा शेवट कधीकधी पिस्टन जाम होण्यात होतो. पंधराव्या शतकात भारतात आलेल्या अफनासी निकितिन या रशियन प्रवाशाने दाभोळचे वर्णन परमुलुखातले घोडे जेथे उतरतात असे मोठे बंदर म्हणून केले आहे; तो घोडा धक्क्यावर उभा राहिला की विसावत असे, चालू ठेवलेले इंजिन उभे राहिल्याने विसावत नाही.

यावर उपाय नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडलेली बजाज चेतक महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घराघरांत होती. तिचे इंजिन पत्र्याआड झाकलेले, वाऱ्याचा स्पर्श त्याला जवळजवळ नाही, म्हणून तिच्या फ्लायव्हीललाच पंख्याची पाती बसविलेली असत आणि इंजिन फिरते आहे तोवर, गाडी उभी असली तरीही, सिलिंडरवर हवा खेळत राही. आजच्या बहुतेक गिअरलेस स्कूटरांतही हाच प्रबंध आहे. पाण्याने थंड होणाऱ्या मोटारसायकलींत रेडिएटरमागे पंखा असतो आणि ठराविक तापमानानंतर तो आपोआप सुरू होतो. म्हणजे उभ्या गाडीचा विचार यंत्रशास्त्राने फार पूर्वीच केलेला आहे. साध्या, हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलीत तो किंमत आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी वगळला जातो. हा निर्णय गैर आहे असे मी म्हणत नाही, कारण स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी गाडी ही खेड्यापाड्यांची गरजच आहे. परंतु जो निर्णय उत्पादकाने जाणूनबुजून घेतला, त्याची मर्यादा ग्राहकास आधी स्पष्ट शब्दांत सांगणे हेही त्याचेच कर्तव्य ठरते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर स्वतःच तप्त असल्याखेरीज काम करीत नाही, आणि जादा पेट्रोल पाजून इंजिन थोडे थंड राखण्याची जुनी सवलतही आक्रसली. स्वच्छ हवेसाठी हे आवश्यकच होते. पण त्याची आच स्वाराच्या पायाला लागते, हेही तितकेच खरे.

इंजिन फार वेळ उभ्याने चालू ठेवू नये, अशी सूचना अनेक मालक-पुस्तिकांत असते. ती इंग्रजीत, बारीक टायपात, कुठल्यातरी आतल्या पानावर असली, तर दाभोळच्या मासळीव्यापाऱ्याला किंवा धोपाव्याच्या बागायतदाराला तिचा काय उपयोग? गाडीची किल्ली हाती देताना किती मिनिटे उभे राहणे निर्धोक, हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावे, आणि तापण्याची तक्रार जॉब कार्डावर ग्राहकाच्याच शब्दांत नोंदवावी. तोंडी समजुतीवर वाटेला लावण्याचा शिरस्ता बंद व्हावा.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले, तेव्हापासून खरेदीदाराचा हक्क ही कल्पना या प्रांतात रुजत आली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर तक्रारदाराला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातच दाद मागण्याची मुभा दिली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकार आयोगास आहे. पुरेशी सूचना न दिल्यामुळे स्वाराला इजा झाली, तर उत्पादकावर दायित्व येऊ शकते. खुद्द इंजिनाचे नुकसान या दायित्वात बसत नाही, त्यासाठी वस्तूतील दोष किंवा सेवेतील उणीव सिद्ध करावी लागते. म्हणूनच नोंदलेल्या जॉब कार्डाचे मोल मोठे आहे.

मालकानेही आपल्या बाजूने कसूर करू नये. रांगेत मिनिटभराहून अधिक थांबायचे दिसले, की इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. तेलाची पातळी आणि बदलाची मुदत सांभाळावी. आणि सेल्फ लागण्याची भीती वाटत असेल तर बॅटरी तपासून घ्यावी, कारण त्या भीतीचे मूळ बहुधा तेथेच असते. महाराष्ट्र सागरी मंडळाने आणि बोट चालविणाऱ्यांनी दोन्ही तीरांवर इंजिन बंद ठेवण्याचा हुकूम ठळक फलकावर लावावा, आणि बोट लागण्यापूर्वी शिटी देऊन स्वारांना सावध करावे, म्हणजे नंबर चुकेल या धास्तीने कोणी गाडी चालू ठेवणार नाही. एवढे करूनही ज्याची गाडी तापून बंद पडते, त्याने जॉब कार्डाची प्रत घेऊन रत्नागिरीचा जिल्हा आयोग गाठावा.