कॅमेरा पडला! दुरुस्त करायचा की बदलायचा?



लग्नाचं किंवा बैलगाडा शर्यतीचं शूटिंग करणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येते. गर्दीत ट्रायपॉडला धक्का लागतो आणि कॅमेरा खाली. मग तोंडून पहिलं वाक्य निघतं, "साठ हजारांची लेन्स होती हो!"

माझं मत स्पष्ट आहे. ते साठ हजार हिशोबातून काढून टाका. आपल्या बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात गिऱ्हाईक दात बघतं, चाल बघतं आणि आजचा भाव बोलतं. तुम्ही बैल केवढ्याला घेतला होता, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. धंद्यातल्या प्रत्येक वस्तूकडे असंच बघायला शिका.

आधी तपासा. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा समोर सरळ लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा. चारही कोपरे मोठे करून बघा. एकच बाजू धूसर असेल तर आतली काच सरकलेली असू शकते. नुसती फिल्टरची रिंग वाकली असेल आणि फोटो चांगला येत असेल, तर घाबरायचं कारण नाही.

मग हिशोब. समजा, तशीच चांगली लेन्स आज सेकंडहँड ३० हजारांना मिळते आणि तुमची पडलेली लेन्स आहे तशी ५ हजारांना जाते. म्हणजे बदलायचा खरा खर्च २५ हजार. दुरुस्ती १४ हजारांत होत असेल तर दुरुस्त करा. पण २२ हजार सांगितले, तर फक्त ३ हजार वाचवण्यासाठी उघडून जोडलेली लेन्स वापरण्याची जोखीम घेऊ नका. दुरुस्तीवर किती महिन्यांची हमी, हे बिलावर लिहून घ्या. कंपनीच्या नेहमीच्या वॉरंटीत पडल्याचं नुकसान धरत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे तारखा. पुढच्या आठवड्यात तीन लग्नं असतील, तर घाईघाईत नवीन घेऊ नका. आधी भाड्याने आणा, ऑर्डरी पूर्ण करा, मग शांतपणे ठरवा. भाडं परवडतं. पण मुलीचे सप्तपदीचे फोटो नीट आले नाहीत, तर ते घर आणि त्यांचे पाहुणे कायमचे गेले.

आणि कराचं बघा. हिशोबाच्या वह्या ठेवत असाल तर दुरुस्तीचं बिल साधारणपणे त्याच वर्षी खर्चात जातं. नवीन कॅमेऱ्यावर मात्र दरवर्षी साधारण १५ टक्के घसारा मिळतो. जीएसटी नोंदणी नसेल तर नव्या कॅमेऱ्यावरचा १८ टक्के कर परत मिळत नाही, तो आपल्याच खिशातून जातो.

शेवटचं सांगतो. दर ऑर्डरीतून थोडी रक्कम 'सामान' नावाच्या वेगळ्या खात्यात टाका. खिशात पैसे असले की निर्णय डोक्याने होतो, नाहीतर तो हप्त्यावर होतो.