‘ऐच्छिक’ कोणाच्या इच्छेने?

वैद्यकाच्या परिभाषेत शस्त्रक्रियांचे दोन वर्ग आहेत: एक तातडीची, दुसरी ‘ऐच्छिक’. जी लांबली तर रोगी आज-उद्या दगावणार नाही, ती ऐच्छिक. मोतीबिंदू, अंतर्गळ, झिजलेला गुडघा, बाहेर आलेले गर्भाशय ही दुखणी बहुधा या वर्गात मोडतात. परिभाषा म्हणून त्यात गैर काही नाही. पण सरकारी रुग्णालयाच्या दारात या शब्दाचा अर्थ ‘थांबवून ठेवण्याजोगी’ असा होतो; आणि कोणाला थांबवावे हे ठरविणाऱ्या राज्यकर्त्यांवर स्वतः थांबण्याची पाळी येत नाही.

अंतर्गळ झालेला हमाल थांबतो म्हणजे काय करतो? कमरेला पट्टा आवळून पोती उचलीत राहतो, कारण न उचललेल्या पोत्याची हमाली मिळत नाही. आतडे अडकून पीळ बसला की तीच ‘ऐच्छिक’ शस्त्रक्रिया एका रात्रीत तातडीची होते आणि जिवावर बेतते. विडी कामगार स्त्रीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो, तसतशा तिच्या विड्या नापास होऊ लागतात आणि मजुरी घटते. गुडघे गेलेल्या म्हातारीला तर कोणी विचारीतही नाही. शौचाला उकिडवे बसता येत नाही म्हणून ती पाणी बेताने पिते, रात्रीचे जेवण टाळते. घरच्यांना वाटते, वयाने भूक मेली. यातील बहुतेक काही मृत्यूच्या आकड्यांत उमटत नाही, म्हणून ते विधिमंडळातही पोचत नाही.

तालुक्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृह असते तर भूलतज्ज्ञ नसतो. दोन्ही असतील त्या दिवशी अपघाताचा रुग्ण येतो, त्याला आधी घेणे न्याय्यच असते, आणि ठरलेल्यांना पुढची तारीख मिळते. कोर्टात मिळते तशी. ज्याच्या गाठी पैसा आहे तो खासगी रुग्णालयात त्याच आठवड्यात मोकळा होतो.

यावर खासगीकरणाचे कैवारी इंग्लंडकडे बोट दाखवितात. १९४८ साली उभारलेल्या तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत नियोजित उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत अशी मर्यादा आहे. ९२ टक्के रुग्णांबाबत ती पाळण्याचे उद्दिष्ट २०१६ नंतर गाठता आलेले नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये प्रतीक्षेतील प्रकरणे ७७ लाखांवर गेली होती. ‘पाहा, सरकारी सेवा म्हणजे रांग!’ असा त्यांचा निष्कर्ष. पण हा आकडा जगाला कळला, कारण तेथे डॉक्टरची चिठ्ठी पोचल्यापासून दिवस मोजले जातात आणि दरमहा हिशेब प्रसिद्ध होतो. उपचार हा हक्क मानला की उशीर मोजावा लागतो. बाजारात रांग दिसत नाही ती रांग संपली म्हणून नव्हे. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला रांगेत उभेच केले जात नाही, म्हणून.

आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. मुदत उलटून गेली. वचन कागदावरच राहिले. विमा योजनांच्या जाहिराती झळकल्या, पण विमापत्राने भूल देता येत नाही.

कोणत्या शस्त्रक्रियेसाठी किती रुग्ण, कधीपासून थांबले आहेत, याचा फलक प्रत्येक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयाच्या दाराशी लागलाच पाहिजे. शासन तो लावीत नसेल, तर कार्यकर्त्यांनी रुग्णांच्या संमतीने त्यांच्या केसपेपरावरील तारखा वहीत उतरवून घ्याव्यात आणि ती वही घेऊन तहसील कचेरीवर जावे.