बाळाचं नाव कोण ठरवतं?

बाळाचं नाव ठेवणं हा आपल्याकडे हौसेचा विषय मानला जातो. गटाच्या बैठकीत तो काढला तर 'एवढे मोठे प्रश्न समोर असताना हे काय मध्येच?' असं कुणीतरी म्हणणारच. मारहाण, हुंडा, पोटगी, गर्भलिंगनिदान यांच्या शेजारी बारशाचा विषय किरकोळ दिसतो हे खरं. पण कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करताना एक गोष्ट वारंवार अनुभवाला येते. 'तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?' असं विचारलं की बहुतेक बायका 'आम्ही दोघं मिळून' असं सांगतात. त्याऐवजी 'बाळाचं नाव कुणी ठरवलं? तुम्हाला कोणतं हवं होतं?' असं विचारलं, की बाई जरा थांबते. मग सांगते, 'मला दुसरं आवडलं होतं. पण सासूबाईंचं आधीच ठरलं होतं.' किंवा, 'ह्यांना तेच पाहिजे होतं, मग मी म्हटलं, जाऊ दे.'

हे 'जाऊ दे' आपल्या ओळखीचं आहे. बाईच्या आयुष्यातल्या अनेक निर्णयांच्या शेवटी ते येतं. बाहेरून पाहणाऱ्याला ते एकमत वाटतं, पण आत डोकावलं तर ती माघार असते. म्हणून बाळाच्या नावाचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

आपल्याकडची रीत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. पुष्कळ घरी बारसंही माहेरी होतं, त्याचा खर्च माहेरचे लोक करतात. नाव मात्र सासरहून येतं. गुरुजी जन्मवेळेवरून अक्षर काढून देतात, त्या अक्षरावरून सासरची मंडळी नाव निवडतात, आत्या ते बाळाच्या कानात सांगते. नऊ महिने ज्या बाईने पोटात बाळ वाढवलं ती ओटी भरून घेऊन पाळण्याजवळ बसलेली असते. समारंभात तिला मान आहे, पण मत नाही. आणि घरातली विधवा किंवा मूल नसलेली बाई असेल तर तिला तेवढाही मान नाही. पाळण्याच्या दोरीला तिचा हात लागू नये याची काळजी घेणारी घरं आजही आहेत.

जिला बाळाचं नाव ठरवता येत नाही, तिचं स्वतःचं नावही कित्येकदा तिच्या हातात राहिलेलं नसतं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहायचं, ते नवऱ्याने ठरवायचं आणि वीस-बावीस वर्षं ज्या नावाने हाक आली ते माहेरीच सोडून यायचं, ही प्रथा कमी झाली असली तरी संपलेली नाही. आडनाव बदलण्याविषयी तर बहुतेक घरांत प्रश्नसुद्धा विचारला जात नाही. स्वतःचं नाव बदललं गेलं तेव्हा जी गप्प राहिली, तिने बाळाच्या नावाच्या वेळी एकदम बोलावं अशी अपेक्षा आपण कशी करणार?

नावामागे सत्ता असते हे आपल्या जुन्या शास्त्रकारांना चांगलं ठाऊक होतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसं असावं याचे नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगलसूचक, क्षत्रियाचं बलसूचक, वैश्याचं धनसूचक आणि शूद्राचं नाव निंदा दाखवणारं असावं असं तिथे सांगितलं आहे. स्त्रियांची नावं उच्चारायला सोपी, कठोर नसलेली, मनाला आवडणारी आणि दीर्घ स्वरात संपणारी असावीत हाही नियम तिथलाच. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचं दहन झालं. तरी आजही मुलींच्या नावांची यादी काढून पाहा. शेवटी 'आ' किंवा 'ई', आणि अर्थ नाजूक, गोड, शांत. मुलांच्या वाट्याला विजय, तेज, राज्य, पराक्रम. याउलट १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये सिद्धार्थ, गौतम, सुजाता, यशोधरा ही नावं घरोघर आली, ती माणसांनी स्वतः निवडलेली होती. नाव निवडण्याचा हक्क मिळवणं म्हणजे काय, हे त्या वस्त्यांनी दाखवून दिलं आहे.

नाव लादलं जाणं म्हणजे काय, हे पाहायचं तर 'नकोशी'कडे पाहावं लागेल. मुलीवर मुलगी झाली की तिचं नाव नकोशी किंवा नकुसा ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होईल, या समजुतीतून कितीतरी मुलींनी ते नाव शाळेच्या पटावर आणि अंगावर वागवलं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची अशी नावं समारंभपूर्वक बदलण्यात आली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये हाच आकडा ९१३ होता. नाव बदललं तरी नकोसेपण जिथल्या तिथेच राहिलं. गरोदर बायकांशी बोलताना मी कधीकधी विचारते, 'नाव ठरवलंय का?' मुलाचं नाव कित्येकींकडे तयार असतं. 'आणि मुलगी झाली तर?' याला उत्तर येतं, 'मग बघू.' या 'मग बघू'मध्ये पुष्कळ काही येऊन जातं.

आता कुणी म्हणेल, शिकलेल्या, पुरोगामी घरात असं नसतं. तिथे राशीचं अक्षर नसतं, मान्य. पण चळवळीतल्या एखाद्या नवऱ्याने आपल्या विचारांना शोभेल असं नाव आधीच ठरवून टाकलेलं असतं, आणि बायकोने नापसंती दाखवली तर 'तू अजून जुन्याच विचारांची' असं ऐकवलं जातं. नाव क्रांतीचं असलं, तरी ते ठरवण्याची पद्धत जुनीच राहते. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्नात तर प्रश्न आणखी टोकदार होतो. आमच्याकडे आलेल्या एका जोडप्याने घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलं होतं, तीन वर्षं संसारही चांगला चालला होता. सातव्या महिन्यात नावावरून अबोला सुरू झाला. बोलता बोलता लक्षात आलं की वाद नावाचा नव्हताच. मूल कुणाच्या घरचं मानलं जाणार, हा प्रश्न लग्नाच्या वेळी दोघांनी टाळला होता, तो आता समोर आला होता.

वाद मिटला नाही तर त्याची किंमत मूल देतं. केरळमध्ये वेगळ्या राहणाऱ्या आईवडिलांचं मुलीच्या नावावर एकमत होईना. जन्मदाखल्यावर नाव नाही म्हणून शाळेत अडचण आली आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाला त्या मुलीचं नाव ठरवावं लागलं. मूल आईजवळ राहत असल्याने न्यायालयाने आईने सुचवलेल्या नावाला महत्त्व दिलं आणि त्यापुढे वडिलांचं नाव जोडलं. कर्नाटकातल्या हुणसूर इथेही २०२४ मध्ये असाच एका जोडप्याचा काही वर्षं चाललेला वाद न्यायालयात मिटला. घरात जे पंधरा मिनिटांत व्हायला हवं, ते न्यायाधीशांच्या टेबलावर जातं, कारण घरात दोघं समान पातळीवर बसून बोललेलीच नसतात.

कायद्याची थोडी माहिती प्रत्येकीकडे असायला हवी. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेलं नसेल तर नावाशिवायही नोंद होते. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणजे दवाखान्यात फॉर्म पुढे आला म्हणून घाईत कुणीतरी सांगेल ते नाव लिहिण्याची गरज नाही. मात्र ते फार लांबवूही नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढच्या सगळ्या कामांना जन्मदाखलाच लागतो.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला आहे. स्त्री संघटना कितीतरी वर्षं ही मागणी करत होत्या, तिचं स्वागत केलं पाहिजे. पण याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावण्याची पद्धत तशीच ठेवली आहे. म्हणजे आई म्हणून ती मुलाच्या नावात आली, स्वतःच्या नावात मात्र अजून नवऱ्याच्या मागोमागच आहे. आणि आईचं नाव कागदावर आलं, याचा अर्थ मुलाचं नाव ठरवताना तिचं मत विचारलं गेलं असा होत नाही.

काही मैत्रिणी म्हणतात, त्रास आईने सोसला, तेव्हा नाव तिनेच ठेवावं. मला हे पटत नाही. मूल एकट्या आईचं, असं म्हटलं की त्याचं दुखणं-खुपणं, रात्रीची जागरणं हेही एकट्या आईचंच होतं. बापाने मुलाला वाढवावं असं आपण म्हणतो, तर नावातही त्याचा वाटा हवा. पण वाटा म्हणजे निम्मा, सगळा नव्हे. आणि तो दोघांचा, दोन्हीकडच्या खानदानांचा नव्हे.

त्यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. नावाचं बोलणं सातव्या महिन्यातच सुरू करावं, बाळंतपणाच्या थकव्यात नाही. दोघांनी वेगवेगळी यादी करावी, मुलग्याची आणि मुलीची, दोन्ही. 'हे नाव नको' म्हणण्याचा अधिकार दोघांनाही सारखा असावा, आणि त्याचं कारण देण्याची सक्ती नसावी. आजी-आजोबांनी, आत्याने, मावशीने जरूर नावं सुचवावीत, पण शेवटचा शब्द आईबापाचा. बारसं करायचंच असेल, तर कानात नाव आईनेही सांगावं, आणि ज्या बाईला आजवर पाळण्यापासून दूर ठेवलं, तिच्या हाती आधी दोरी द्यावी.

आपापल्या गटात पुढच्या बैठकीला हा विषय जरूर घ्या. प्रत्येकीने एवढंच सांगायचं: माझं नाव कुणी ठेवलं, ते कुणी बदललं आणि माझ्या मुलांची नावं कशी ठरली. या तीन प्रश्नांवर एक दुपार पुरणार नाही. आणि गटात कुणाची सून, मुलगी, भाची गरोदर असेल, तर 'काय होणार, मुलगा की मुलगी?' या प्रश्नाऐवजी तिला विचारा, 'तुला कोणतं नाव आवडतं?' कदाचित तिला हा प्रश्न विचारणाऱ्या पहिल्या तुम्हीच असाल.