उत्सव पणजीत, आपण मालीमला

मंडळी, नोव्हेंबरात इफ्फी, डिसेंबरात सेरेंडिपिटी. इफ्फी २००४ पासून गोव्यात आहे, सेरेंडिपिटी २०१६ पासून. दोन्ही चांगलेच, उगाच नावं ठेवायची नाहीत. पण मांडवीच्या या काठाला, मालीम जेटीवर, तेव्हा आपला हंगाम भरात असतो. रात्रभर जाळं ओढलेला खलाशी नाटक बघायला जाणार की झोपणार?

आपली सवड पावसातली. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंदी. बोटी काठाला, हातात जाळ्यांची दुरुस्ती. आणि नेमका त्यातच २९ जूनला सांगोड येतो. होड्या एकमेकींना बांधल्या, माडाच्या झावळ्यांनी सजवल्या की झाला रंगमंच. कांदोळीला लोक भर पावसात उभे राहून बघतात. त्याला कोणी क्युरेटर लागला नाही!

पोरं म्हणतात, कलेनं पोट भरत नाही. खरं आहे. पण रापण एका तालात ओढायची असते, ट्रॉलरवर ते काम विंच करते. तो ताल माहीत असलेले म्हातारे आता थोडेच उरलेत.

म्हणून माझं म्हणणं, सोसायटीनं आयोजकांना पत्र द्यावं. एक कार्यक्रम जूनमध्ये, जेटीवर घ्या. रापण विणणाऱ्यांना शिकवायला बोलवा, आणि मानधन द्या. नुसती फोटोमागे होडी हवी असेल तर आपण नाही म्हणायचं.

पुढच्या सभेत विषय घ्या. मसुदा मी लिहून आणतो.