आधी विचारलं का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावाच्या यादीत चक्क एक मानवी कवटी होती. एकोणिसाव्या शतकातली, शिंगं लावलेली, एका नागा माणसाची. सोबत अपेक्षित किंमतही! नागालँडमध्ये संताप उसळला, मुख्यमंत्री नेफ्यू रिओ यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि कवटी लिलावातून मागे घेतली गेली.

बातमी संपली, प्रश्न मात्र उरलाच. इंग्रजांच्या राजवटीत नागा टेकड्यांमधून वस्तूंबरोबर माणसांचे अवशेषही उचलून नेले गेले. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये हजारो नागा वस्तू आहेत. या म्युझियमने २०२० मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. ते मायदेशी आणण्यासाठी ‘फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन’ पुढे आलाय.

‘मग टाका ना पाठवून!’ असं आपण पटकन म्हणू. पण गोष्ट इतकी सोपी नाही. अवशेष नेमके कोणत्या गावचे? पूर्वीच्या लढायांत शत्रूचं शिर आणण्याची प्रथा होती; मग कवटी मिरवणाऱ्यांची की मारल्या गेलेल्याची? आज बहुतेक नागा ख्रिस्ती आहेत, मग अंत्यविधी कोणत्या पद्धतीने करायचा? म्हणूनच कार्यकर्ते आधी आपल्याच लोकांशी, जाणत्या म्हाताऱ्यांशी बोलतायत. वेळ लागतोय, आणि तो लागायलाच हवा. कारण इतकी वर्षं नेमकं हेच कुणी केलं नव्हतं: ज्यांचं आहे त्यांना विचारणं.

आपल्याला हे दूरचं वाटेल. पण फेस्ट आला की कॉलेजच्या भिंतीवर वारली चित्रं हमखास येतात. त्यातला लग्नाचा चौक वारल्यांसाठी नुसती नक्षी नाही. तो सवाशिणी काढतात, त्यात पालघट देवी असते आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. हे आपल्यापैकी किती जणांनी एखाद्या वारली कलाकाराकडून ऐकलंय?

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी म्युझियममध्ये सेल्फी जरूर काढा, पण काचेखालची पाटीही वाचा. तिथे नुसतं ‘आदिवासी वस्तू’ लिहिलं असेल, तर ती कोणाची, कशी आली आणि त्या लोकांना विचारलं होतं का, हे तिथल्या माणसांना विचारा. असे प्रश्न वारंवार आले, तर पाट्या बदलतील. आणि पाट्या लिहिणारे हातही.