साथ आली की माणसे दवाखान्यापासून दूर का जातात?

हिंगोलीला अखेर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील इतर नऊ नव्या महाविद्यालयांबरोबर त्याचेही उद्घाटन झाले. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला त्यासाठी पंचवीस वर्षे वाट पाहावी लागली. तोवर रुग्ण गंभीर झाला की "नांदेडला न्या" हेच उत्तर ऐकू यायचे. त्यामुळे या महाविद्यालयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु इमारत, खाटा आणि डॉक्टर आले म्हणजे साथीच्या काळात लोक आपोआप वेळेवर दवाखान्यात येतील, असे समजणे चुकीचे ठरेल. कोरोनाने हेच शिकवले आहे आणि तो धडा पुढची साथ येण्याआधी आपण नीट समजून घेतला पाहिजे.

भाषा आरोग्याची की पोलीस ठाण्याची?

एप्रिल 2020 मध्ये हिंगोलीत रुग्णसंख्या एकदम वाढली, ती राज्य राखीव दलाचे जवान मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतल्यानंतर. कर्तव्य बजावून आलेली ही माणसे. तरीही त्या काळात साथीची सगळी भाषा आरोपीला लावावी तशी होती. आजारी माणूस 'संशयित', त्याच्या जवळचे 'हाय रिस्क', त्याची गल्ली 'सील'. मार्च 2020 मध्येच घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारण्याचा निर्णय राज्याने घेतला. घरांवर पत्रके चिकटवली गेली. सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय अशी पत्रके लावू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले तेव्हा 9 डिसेंबर 2020 उजाडला होता.

'सामाजिक अंतर' हा शब्दही असाच. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावर, मंदिराच्या पायरीवर, चहाच्या कपात सामाजिक अंतर भोगले, त्याला हाच शब्द आरोग्याचा मंत्र म्हणून ऐकवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2020 मध्येच शारीरिक अंतर म्हणा, असे सुचवले होते. आपल्याकडे मात्र जुनाच शब्द भिंतीवर आणि मोबाइलच्या रिंगटोनमध्ये वाजत राहिला. तपासणीला गेलो तर वस्तीत बदनामी होईल, ही भीती कोणाच्या मनात बसली तर दोष एकट्या त्याचा कसा?

अज्ञान की हिशोब?

लोक दुखणे अंगावर काढतात, शेवटच्या क्षणी येतात, अशी तक्रार नेहमी होते. तिच्यात तथ्य आहे. पण त्याला 'अज्ञान' म्हणून मोकळे होता येत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 11 लाख 77 हजार असून, त्यातले सुमारे 85 टक्के लोक खेड्यात राहतात. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या शेतमजूर बाईचा हिशोब साधा आहे. दवाखान्यात गेले तर दिवसाची मजुरी बुडते, जीपभाडे लागते, बरोबर येणाऱ्याचीही मजुरी जाते. सोयाबीनची काढणी किंवा हळदीचा हंगाम असेल तर हे नुकसान परवडतच नाही. म्हणून आधी मेडिकलवरची गोळी, मग गावातल्या डॉक्टरचे सलाईन आणि श्वास लागला की नांदेड. दुसऱ्या लाटेत हे चार दिवस अनेकांच्या जिवावर बेतले.

खासदार राजीव सातव यांचे 16 मे 2021 रोजी पुण्यात निधन झाले. ज्यांच्या हाताशी उत्तम उपचार होते त्यांनाही या आजाराने सोडले नाही. मग ज्यांना वेळच मिळाला नाही त्यांचे काय झाले असेल?

लसीकरणातही हेच दिसले. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटासाठी ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली आणि कोविन पोर्टल सुरुवातीला इंग्रजीत होते. मराठी आले ते जून महिन्यात. पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. धाकाने टक्केवारी वाढते. पुढच्या साथीत लागणारा विश्वास मात्र धाकाने मिळत नाही.

विश्वासाचे खरे काम आशा ताईंनी केले. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन त्याच दारोदार फिरल्या. त्यांनाच योग्य मोबदल्यासाठी जून 2021 मध्ये संपावर जावे लागले. ज्या बाईच्या शब्दावर गाव दवाखान्यात जाते, तिला सरकार अजूनही मानधनावरची स्वयंसेविका मानते.

एकाच रोगाच्या दोन वागणुकी

1897 मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी पथके घरात शिरून झडती घेत होती आणि लोक आजारी माणसाला लपवत होते. त्याच वेळी डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरजवळ सासणे मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीमाई स्वतः रुग्णांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर आणले आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. रोग एकच. एकीकडे लोक रुग्णाला लपवतात, दुसरीकडे विश्वासाने हवाली करतात. फरक बोलावणाऱ्यात आहे.

अलीकडचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. नांदेड जिल्ह्यातल्या भोकर तालुक्यातील भोसी गावात 2021 मध्ये 119 जण बाधित निघाले. गावाने शिक्का मारला नाही की वाळीत टाकले नाही. रुग्णांनी आपापल्या शेतात राहायचे ठरवले, ज्यांना शेत नव्हते त्यांचीही सोय झाली, जेवण पोहोचवले गेले, आरोग्य कर्मचारी रोज शेतात जात राहिले. गाव साथीतून बाहेर पडले.

विहाराने काय करावे?

14 एप्रिल 2020 ची जयंती आपण घरात साजरी केली. त्याच वर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर न जाता घरूनच अभिवादन केले. कुठेही लाठी चालवावी लागली नाही. आवाहन आपल्या माणसांनी, आपल्या भाषेत, कारण सांगून केले होते. ही ताकद आपल्याकडे आहे, ती फक्त जयंतीपुरती वापरू नये.

कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, केवळ कोणी मोठ्याने सांगितले म्हणून विश्वास ठेवू नका, असे सांगितले. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या काढ्याच्या आणि लसीच्या अफवांना हीच कसोटी लावावी. आणि अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले होते, हेही विसरू नये.

म्हणून प्रत्येक विहार समितीला आमचे सांगणे असे. विहाराच्या फलकावर 108 रुग्णवाहिका, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गावच्या आशा ताईंचा क्रमांक लिहा. वर्षावासातल्या एका प्रवचनाच्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा. ते काय सांगतात ते ऐका आणि लोकांना प्रश्न विचारू द्या. रुग्णाबरोबर दवाखान्यात जाणारे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद करून देणारे दोन तरुण प्रत्येक वस्तीत तयार करा. ज्याची मजुरी बुडाली त्याच्या घरी चार दिवसांचे धान्य पोहोचवा.

आणि प्रशासनाला आमची मागणी साधी आहे. पुढच्या साथीचा पहिला आदेश काढण्याआधी आशा ताई, तांड्याचे नायक, मशिदीचे आणि विहाराचे विश्वस्त यांना एका टेबलावर बसवा. लोकांना काय सांगायचे, हे ठरवण्याआधी लोक कशाला भितात, हे त्यांच्याकडून ऐका. नवे महाविद्यालय हिंगोलीचे आहेच; ते हिंगोलीकरांना आपले वाटेल की नाही, हे यावर ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!